हातावरच्या ऑर्डरी

तांदूळ धुऊन, जुन्या सुती साडीवर पसरून, दोन दिवस पंख्याखाली वाळवले आणि आता त्यांना धुराचा वास येत होता. मधुमतीने मूठभर उचलून नाकाशी धरले. मग दुसऱ्या कोपऱ्यातले धरले. मग उगाचच तिसऱ्या. सगळीकडे तोच वास. खिडक्या बंद होत्या, फटींना चिकटपट्टी लावली होती, दाराखाली ओला टॉवेल कोंबला होता. तरी धूर यायचा तिथून आलाच होता.

दरवर्षी सप्टेंबरच्या सुमाराला समुद्रापलीकडे सुमात्रातली रानं जळत आणि त्यांचा धूर बिशान भागातल्या या बाराव्या मजल्यापर्यंत येई. २०१५ साली मात्र त्याने मुक्कामच ठोकला. सकाळी समोरचा ब्लॉक, म्हणजे पुढची उंच इमारत, दिसायचा नाही. लोक मास्क लावून बसची वाट पाहत उभे असायचे. टीव्हीवर तासातासाला हवा किती खराब त्याचा आकडा सांगत. आकडा ऐकला की मधुमतीच्या घशात खवखव सुरू व्हायची. ती धुराने व्हायची की आकड्याने, हे तिचं तिला कळत नसे.

"पुन्हा धुवावे लागणार," ती म्हणाली.

"दळल्यावर जाईल वास," शिरीष म्हणाला. तो कामावर जायला निघाला होता, बुटांची नाडी बांधत होता. तांदळाचा आणि त्याचा संबंध नाही असंच तो नेहमी बोलत असे.

"वास इज वास," टेबलाशी बसलेली वल्लरी वहीतून मान वर न काढता म्हणाली. "पीपल विल नो."

वल्लरी सोळा वर्षांची होती आणि सेकंडरी थ्री, म्हणजे आपली नववी, दुसऱ्यांदा करत होती. पहिल्यांदा गणिताने घात केला. या खेपेलाही नापास झाली तर तिला शाळेत ठेवणार नव्हते, तसं पत्रच आलेलं होतं. दुसरी शाळा म्हणजे खासगी, आणि तिथली फी बघून शिरीषने लॅपटॉप मिटून ठेवला होता. मग उरलं सांगली. मधुमतीने मुलीला घेऊन भावाकडे राहायचं, वल्लरीने मराठी मुलांबरोबर दहावीला बसायचं आणि शिरीषने इथे एकट्याने खोली घेऊन राहायचं. याबद्दल घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पण जेवताना कोणी गप्प झालं की बाकीच्या दोघांना कळायचं, हा सांगलीला जाऊन आला.

म्हणून गणिताची ट्यूशन लावली. आणि ट्यूशनसाठी मोदक आले.

शिरीषच्या नोकरीच्या पासवर या दोघींचे पास होते. मधुमतीच्या पासवर ती इथे राहू शकत होती, जेवू शकत होती, आजारी पडू शकत होती, पण पैशासाठी काम करू शकत नव्हती. घरात खाणं शिजवून विकणं तर नाहीच नाही. आधी तिने कुणा एकीला हौसेने मोदक करून दिले. त्या बाईंनी आणखी दोघींना सांगितलं. पुढे संकष्टीला, मग गणपतीत, ओळखीच्या मराठी घरांतून निरोप येऊ लागले. मोदकाच्या डब्यावर कोणाचं नाव नसायचं. पोचवायला वल्लरी जायची, शाळेचं दप्तर पाठीला लावून, म्हणजे कोणी पाहिलं तरी मुलगी क्लासला चाललेली दिसावी.

हे सगळं वल्लरीला भयंकर खुपायचं. सातव्या वर्षापासून ती इथल्या शाळेत. जिथे ओळ असेल तिथे उभी राहणारी, रस्त्यावर एक गाडी नसली तरी हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणारी. तिने नेटवर नियम वाचून काढला होता, दंडासकट. मागच्या वर्षी भाड्याची घरं तपासायला दोन माणसं मजल्यावर येऊन गेली, तेव्हापासून तिने घरात स्वतःचे नियम घातले होते.

"ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्यायची नाही. कागदावर लिहायची नाही. फोन आला की तोंडी."

"आणि लक्षात कसं राहायचं माझ्या?"

"मी लिहिते." आणि तिने डावी बाही सरकवून कोपराच्या आतल्या बाजूला, गोऱ्या कातडीवर बॉलपेनने आकडे लिहिले होते. आधी मोदक किती, मग एक तिरकी रेघ, मग ब्लॉकचा नंबर. "काम झालं की धुवायचं. नो एव्हिडन्स."

तेव्हापासून तीच पद्धत पडली. मधुमतीचे हात उकडीत असायचे, फोन खांद्याने कानाशी दाबलेला, आणि ती मोठ्याने म्हणायची, "एकवीस, दोनशे तीस," की वल्लरी हातावर लिहून घ्यायची.

एकदा मधुमतीने वैतागून विचारलं होतं, "एवढे नियम पाळतेस, तर नापास कशी होतेस गं?"

वल्लरी चिडली नव्हती. तिने जरा विचार केला होता. "फेल व्हायला अलाउड आहे, आई. फेल झालं तर जेलमध्ये नाही टाकत. तू करतेस ते अलाउड नाहीये." मग हळूच, इथल्या पोरांच्या लकबीत म्हणाली होती, "पण फेल झालं की लोक बघतात तसंच. सेम लाह."

गणिताचा पेपर शुक्रवारी होता आणि गणपतीचं विसर्जन रविवारी. मधुमतीने महिनाभर आधी कॅलेंडर समोर घेऊन हे सगळं नीट बसवलं होतं. पेपर होईपर्यंत पोरीला मोदकांना हात लावू द्यायचा नाही. शनिवारी तिने झोपावं, रविवारी शेवटच्या दिवसाच्या नैवेद्याचे मोदक दोघींनी मिळून करावे. इथल्या मराठी मंडळाची मोठी ऑर्डर होती, शिवाय घरगुती पाच-सहा. यात कुठेच चूक नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी हवेचा आकडा चढत गेला आणि टीव्हीवर सांगितलं, उद्या शाळा बंद. थोड्या वेळाने शाळेचा निरोप आला. शुक्रवारचा पेपर सोमवारी.

मधुमतीने हाताखालचा गॅस बंद केला. मग म्हणाली, "मी मंडळाच्या विश्वासरावांना फोन करते. नाही जमणार म्हणून सांगते."

"मंडळाचा नैवेद्य आहे," शिरीष म्हणाला. "तीन दिवस आधी नाही म्हणणार? पुन्हा विचारतील का कोणी?"

"मग पोरीचा पेपर?"

दोघांनी वल्लरीकडे पाहिलं. ती पेन्सिल चावत होती. गेल्या काही महिन्यांत तिने पेन्सिलींची मागची टोकं खाऊन टाकली होती आणि अंगठ्याचं कातडं सोलून सोलून लाल केलं होतं. डॉक्टर काही म्हणाले नव्हते, कारण तिला डॉक्टरकडे कोणी नेलं नव्हतं. सगळ्यांचीच पोरं असं करतात, असं म्हणून ते सोडून दिलं होतं.

"तू हो म्हणालीस ना त्यांना?" वल्लरीने विचारलं.

"म्हणाले."

"मग करायचं. प्रॉमिस इज प्रॉमिस. आय कॅन मॅनेज. दुपारपर्यंत संपवू."

मधुमतीने फोन केला नाही. पुढे हे तिला फार वेळा आठवलं. फोन ओट्यावरच होता, हाताच्या अंतरावर.

रविवारी पहाटेच नारळ खवायला घेतले. विळीवर बसायला स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून तिने दारातच फरशीवर बैठक मारली. दहाव्या नारळाला मनगट बोलू लागलं. गुळाचं सारण परतताना धुराड्याचा पंखा लावायची सोय नव्हती, वास बाहेर जाईल. खिडकी उघडायची तर बाहेरचा धूर आत येईल. त्या दोन धुरांच्या मध्ये मायलेकी काम करत होत्या. घाम हनुवटीवरून उकडीत पडू नये म्हणून मधुमतीने कपाळाला पंचा बांधला होता.

मोदकाच्या कळ्या पाडण्यात वल्लरीचा हात धरणारं कोणी नव्हतं. उकडीचा गोळा तेलाच्या बोटाने फिरवत ती पारी करायची, कागदासारखी पातळ, आणि चिमटीने कळ्या घ्यायची. मोजून पंधरा. मधुमतीच्या नऊ-दहाच पडत. मग सारण भरून, सगळ्या कळ्या एकत्र आणून, टोक ओढायची. एकही मोदक फुटत नसे. पोर गणितात नापास होते, असं त्या हातांकडे बघून कोणाला वाटलं नसतं. पण या हुशारीचा पेपर कुठे असतो?

साडेनऊला फोन वाजायला लागले. लोकांना शेवटच्या क्षणी आठवतं, आणि मधुमतीला नाही म्हणता येत नाही.

"अकरा, एकशे अठरा. आणि मैत्रेयीचे एकवीसच्या ऐवजी एक्कावन्न कर. तिच्या लॅबमधली माणसं येणारेत."

वल्लरीने बॉलपेन घेतलं. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेला. पेन घसरत होतं, उमटत नव्हतं. तिने पेन ओट्यावर टाकलं आणि डबे बांधायच्या सामानातून काळा मार्कर उचलला. बाही वर करून भराभर लिहिलं. ५१, रेघ, १४८. ११, रेघ, ११८. २१, रेघ, २३०. अशा सहा ओळी.

"ते जाईल ना गं?"

"जाईल. स्पिरिटने जातं."

अकराच्या सुमाराला चाळणी उतरवताना वाफेने तिचा अंगठा भाजला, सोललेल्या कातडीवरच. ती ओरडली नाही. हात नळाखाली धरून उभी राहिली आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. मधुमतीला वाटलं, देवाचं नाव घेते आहे. जवळ गेली तर ती त्रिकोणमिती म्हणत होती.

दुपारपर्यंत काही संपलं नाही. चार वाजता शेवटचा डबा बांधला. पोचवून घरी यायला तिला सहा वाजले. मास्क काढला तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंना वळ होते. वरणभात खाऊन ती पुस्तक घेऊन बसली. स्पिरिट घरात नव्हतं. साबण, खोबरेल, लिंबू, सगळं लावून झालं. आकडे फिकट झाले, गेले नाहीत.

"राहू दे," ती म्हणाली. "हॉलमध्ये एसी असतो. जॅकेट घालणारच आहे."

सोमवारी ती अडीचला घरी आली. नेहमी दप्तर टाकून पाणी पिणारी पोर दप्तरासकट सोफ्यावर बसली.

"कसा गेला?"

"पेपर येत होता, आई," वल्लरी म्हणाली. "सगळं येत होतं."

मग तिने पाकीट काढून दिलं. मधुमतीने इंग्रजी पत्र दोनदा वाचलं. एसी बिघडला होता, हॉल तापला होता, अर्ध्या वेळाने वल्लरीने नकळत बाही सरकवली. पर्यवेक्षक बाईंना हातावरचे आकडे दिसले. एकाखाली एक, तिरक्या रेघा मारलेले. पेपर काढून घेतला, हाताचा फोटो घेतला. ते काय आहे असं विचारल्यावर विद्यार्थिनीने फॉर्म्युले लिहिल्याचं कबूल केलं. गणितात शून्य. पालकांनी उद्या सही करण्यास यावे.

"कबूल केलं?" मधुमतीने पत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "काय कबूल केलं तू?"

"मग काय सांगू? मोदक?"

मधुमतीने पत्राची घडी घालून ते पाकिटात परत ठेवलं. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही.

शिरीष ऑफिसातून लवकर आला. पत्र वाचून त्याने चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

"मी उद्या जाते आणि खरं सांगते," मधुमती म्हणाली. "पोरीच्या माथी चोरी मारू देणार नाही मी."

"मधू, तुला कळतंय का? तुझा पास तर जाईलच. पण तू कोणाच्या पासवर आहेस? माझ्या. मला बोलावतील. कंपनीला कळवतील. मग सांगली तिघांची. आणि तिथे जाऊन मी करू काय, या वयात?"

"आणि हिला कॉपी करणारी म्हणतील ते?"

"तिला तसंही—" शिरीष बोलला आणि तिथेच थांबला. पण जे व्हायचं ते झालंच. वल्लरीने त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"बाबा बरोबर बोलतायत," ती म्हणाली. "मी एकदा फेल झालेच आहे. अजून एकदा झाले तर कोणी सरप्राइज होणार नाही. फेल व्हायला अलाउड आहे. तुझं तसं नाही, आई." आणि मग, उठता उठता, "मी ऑलरेडी लिहून दिलंय. आता बदललं तर लाय होईल ते."

मंगळवारी सकाळी मधुमतीने न्हाणीघरात दार लावून इंग्रजी वाक्य पाठ केलं. इंग्रजी तिला समजायचं, बोलताना मात्र तोंडाला कुलूप लागायचं. सर, दिज आर नॉट आन्सर्स. दिज आर माय स्वीट्स. माय डॉटर इज ऑनेस्ट. तिसरं वाक्य म्हणताना तिला हुंदका आला. मग तोंडावर पाणी मारून ती बाहेर आली. शिरीष कामावर जाताना दारात म्हणाला, "नीट जा."

शाळेत एका छोट्या खोलीत मिस्टर गोह बसले होते. वल्लरीचे गणिताचे शिक्षक, पन्नाशीचे, बारीक. त्यांनी उठून मधुमतीला खुर्ची दिली, पाणी दिलं. वल्लरी बाजूच्या खुर्चीत बसली. जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली.

सरांनी हाताचा फोटो समोर ठेवला. ते मुद्दाम सावकाश बोलत होते, मधुमतीला समजावं म्हणून.

"मॅडम, मी एकोणीस वर्षं गणित शिकवतो. हे आकडे मी काल सगळ्या पेपरशी ताडून पाहिले. एकही जुळत नाही. हे फॉर्म्युले नाहीत. तुमची मुलगी म्हणते, आहेत." त्यांनी फोटो मधुमतीकडे सरकवला. "वल्लरी माझ्या वर्गात साधी पट्टीसुद्धा न विचारता घेत नाही. यंदा ती पास झाली असती."

मधुमतीने मान हलवली.

"तुम्हाला माहीत आहे का, हे काय आहे? दुसरं काही कारण असेल तर आत्ता सांगा. मी स्वतः प्रिन्सिपलकडे जाईन, पेपर पुन्हा घ्यायला लावीन. तुमची सही झाली की मला काही करता येणार नाही."

दार उघडं होतं. कोणी तरी आपणहून उघडून धरलं होतं. फोटोतला हात पोरीचा होता आणि ५१ च्या एकला ओढलेला फराटासुद्धा दिसत होता, तो फोन ठेवता ठेवता मधुमतीचा धक्का लागून गेला होता. तिने तोंड उघडलं.

"सर," ती म्हणाली.

वल्लरी तिच्याकडे बघत नव्हती. मान खाली घालून अंगठ्यावरचा फोड दाबत होती. फोड फुटला, पाणी आलं, तरी दाबत होती.

मधुमतीने सरांकडे पाहिलं. माणूस चांगला होता. तिला त्याचीच भीती वाटली. वाईट माणूस विसरून जातो, चांगला माणूस सगळं नीट लिहून ठेवतो, आणि इथे लिहिलेलं पुढे जातंच. तिला शिरीष दिसला, दारात उभा, नीट जा म्हणताना. बंद खिडक्या दिसल्या, फटींना लावलेली चिकटपट्टी.

"आय डोन्ट नो, सर," ती म्हणाली.

सरांनी फोटो उचलून फाइलीत ठेवला. मग कागद तिच्याकडे सरकवला आणि वर पेन ठेवलं. वल्लरीने तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं की मी नियम मोडला, मला त्याचा खेद आहे. त्याखाली पालकांसाठी रेघ होती. मधुमतीने सही केली. सही नेहमीसारखीच ठसठशीत आली, आणि ती गोष्ट तिला नंतर कधीच माफ करता आली नाही.

बाहेर त्या दिवशी आकडा उतरला होता. समोरचे ब्लॉक दिसत होते, खिडक्यांबाहेर लोकांनी बऱ्याच दिवसांनी कपडे वाळत घातले होते. दोघी बसस्टॉपच्या बाकावर बसल्या. मधुमती वाट पाहत होती. पोरीने ओरडावं, भर रस्त्यात चार माणसांत काहीही बोलावं, ते ती ऐकून घेणार होती.

वल्लरीने जॅकेटची चेन खाली ओढली.

"बरं केलंस, आई," ती म्हणाली. मराठीत, सावकाश, मोठं माणूस लहानाला म्हणतं तसं.

मधुमतीने तिचा डावा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला. बाही वर सारली. एक्कावन्न अजून वाचता येत होतं. तिने ओढणीचं टोक थुंकीने ओलं केलं आणि त्यावर घासू लागली.

"राहू दे ना," वल्लरी म्हणाली. "आता काय उपयोग."

कातडं लाल झालं. बस आली, दार उघडून थांबली, निघून गेली. मधुमती पुसत राहिली.